हललेला भाव

२०२४ च्या नवरात्रात मी ग्वाल्हेरला मावसभावाकडे गेले होते. दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून ज्या भागाला लष्कर हे नाव पडले, तिथेच हे कुटुंब चार पिढ्या राहते. आपल्या मराठीत जशी कानडी डोकावते, तशी त्यांच्या मराठीत हिंदी. ६ ऑक्टोबरला गावात भारत-बांगलादेश टी-ट्वेंटी सामना होता. २०१० साली सचिनने याच शहरात पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले द्विशतक काढले. त्यानंतर तब्बल चौदा वर्षांनी ग्वाल्हेरला आंतरराष्ट्रीय सामना मिळाला होता. घरात सणाला सण जोडून आला होता म्हणा ना!

भाचा मात्र मोबाइलमध्ये डोके खुपसून बसलेला. स्वयंपाकघरात वहिनींनी हळूच सांगितले, "ताई, याने कॉलेजच्या फीचे पैसे सट्ट्यात घालवले. तुम्ही संख्याशास्त्र शिकवता, तुम्हीच समजवा."

संध्याकाळी गच्चीवर विषय काढला. तो म्हणाला, "आत्या, मी अंदाजपंचे नाही लावत. भाव हलला की समजायचं, मोठे लोक त्या बाजूला आहेत. मी त्यांच्या मागे जातो."

वाचकहो, मुलाचे म्हणणे अर्धे खरे होते, आणि घात त्या अर्ध्यानेच केला.

आपल्याकडे सांगलीला हळदीचा सौदा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे लवकर कळेल. जाणता व्यापारी हळकुंड मोडून बघतो आणि बोली लावतो. त्याची बोली ऐकून बाकीचे सावध होतात, दर चढतो. सट्ट्याच्या बाजारातही तसेच. बुकी आधी स्वतःच्या अंदाजाने भाव काढतो आणि सुरुवातीला लहान रकमाच घेतो. मग कोण कुठे लावतो हे पाहतो. हौशी माणसाने लावले तर तो फारसा हलत नाही. पण नेहमी जिंकणाऱ्या जाणकाराने लावले की भाव लगेच बदलतो. जाणकाराचे पैसे म्हणजे बुकीच्या दृष्टीने बातमीच.

अमेरिकेतला बिली वॉल्टर्स हा अशा जाणकारांतला नामांकित. १९८० च्या दशकात तो संगणकावर आकडेमोड करणाऱ्या एका गटाबरोबर काम करत होता. त्याचे नाव कळले की भाव पळायचे, म्हणून तो दुसऱ्यांच्या हातून पैसे लावायचा. असे काही लोक तर मुद्दाम उलट्या बाजूला थोडे लावून भाव हलवतात आणि मग खऱ्या बाजूला मोठी रक्कम लावतात. म्हणजे हललेला भाव दर वेळी खरे बोलतो असेही नाही!

मी भाच्याला कागदावर हिशोब मांडून दाखवला. समजा, एका संघाची जिंकण्याची खरी शक्यता शंभरात ५५. सुरुवातीचा भाव शंभराला नव्वद. जाणकाराने असे शंभर डाव खेळले, तर ५५ वेळा नव्वद मिळून ४,९५० रुपये आले, ४५ वेळा शंभर जाऊन ४,५०० गेले. नफा ४५०. त्याच्या पैशाने भाव उतरून शंभराला पंचाहत्तर झाला. आता तू मागून आलास. संघ तोच, निकाल तेच. तुला ४,१२५ मिळाले, गेले ४,५००. तोटा ३७५.

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. "म्हणजे संघ बरोबर निवडूनही मी हरतो?"

"हो. कारण त्याला जे कळलं, त्याची किंमत भावात आधीच धरली गेली. तू शिळी बातमी ताज्या दराने घेतोस."

त्या रात्री बांगलादेश १२७ वर आटोपला आणि भारताने ११.५ षटकांतच सामना खिशात घातला. भाचाही जिंकला. हजाराला जेमतेम दीडशे मिळाले, तरी डोळे चमकले. मला त्या चमकण्याचीच भीती वाटली. म्हणून निघताना त्याला सांगितले, जुने सगळे डाव वहीत लिही. तू कोणत्या भावाने लावलेस आणि सामना सुरू होताना भाव काय होता, दोन्ही शेजारी मांड. जाणकाराची खरी परीक्षा हीच. तो बहुधा शेवटच्या भावापेक्षा चांगला भाव पकडतो.

पंधरा दिवसांनी फोन आला. ४१ डाव लिहिले होते. त्यातल्या फक्त सहांत त्याचा भाव सरस होता. "आत्या, मी त्यांच्या मागे नव्हतो, त्यांच्या ताटात होतो," तो म्हणाला. आणि समजा तो खरोखर जिंकू लागला असता, तरी सुटका नव्हती. परदेशातल्या परवानाधारक कंपन्यासुद्धा सतत जिंकणाऱ्याची मर्यादा कमी करतात. दार उघडे असते ते हरणाऱ्यालाच.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. चांगलेच झाले. पण कायदा दुकान बंद करू शकतो. "मला भाव कळतो" हा भ्रम घरातच उतरवावा लागतो.

फी शेवटी वहिनींनी भिशीतून भरली. ती वही भाच्याने अजून जपून ठेवली आहे. दर हा शब्द मराठीत आणि कानडीत सारखाच. आपल्या मुलांशी त्याविषयी कोणत्याही भाषेत बोला, पण बोला.