नळ्याची कौलं आणि खोताची ओटी

पळस्पे फाट्याला जुन्या पुणे रस्त्यातून गोव्याचा रस्ता फुटतो. त्याचा पूर्वीचा क्रमांक १७, आताचा ६६. गणपतीत आणि मे महिन्यात अर्धी मुंबई इथूनच गावाला जाते. ज्यांचं गावाकडचं घर पडलं किंवा विकलं गेलं, त्यांच्याही गाड्या याच रस्त्याला लागतात. त्यांतल्या कितीतरी निवळी फाट्याला वळून गणपतीपुळ्याला उतरतात. देवळापासून जवळच, झाडीत, एक गाव मुद्दाम उभारलेलं आहे : ‘प्राचीन कोकण’.

सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचं कोकणी जगणं इथे माणसाच्या उंचीच्या पुतळ्यांतून मांडलंय. सोबतचा गाईड पायवाटेने फिरवत बलुतेदारांची कामं समजावून सांगतो. असंच मुद्दाम उभारलेलं एक गाव फिलिपिन्समध्ये कुरिमावच्या किनाऱ्यावर आहे : ‘सितिओ रेमेडिओस’. तिथे इलोकानो मुलखातल्या जुन्या घरांच्या विटा आणि लाकूड गोळा करून घरं उभारली आणि त्यांत पाहुणे उतरतात. पुळ्याचा भर मात्र कामाच्या देखाव्यांवर आहे, आणि मला तो मोलाचा वाटतो. घर जपलं तरी ते घर कुणाच्या हातांवर उभं होतं, ते त्यातून कळतंच असं नाही.

कुंभाराचंच बघा. कोकणातल्या घरांवर आज दिसतात ती मंगळुरी कौलं. त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली काढला. त्याआधी होती नळ्याची कौलं. कुंभार चाकावर मातीचा नळा ओढायचा, ओला असतानाच उभा चिरून त्याचे दोन भाग करायचा आणि सुकवून भाजायचा. छपरावर एक उताणं, एक पालथं अशी ती बसत. वाऱ्याने सरकायची, वानरांच्या उड्यांनी फुटायची. म्हणून दर पावसाळ्याआधी घर शाकारायचं, फुटकी कौलं बदलायची. म्हणजे दरवर्षी कुंभार हवाच. ज्याला कौलं परवडत नसत, त्याच्या छपरावर पेंढा नाही तर माडाची झापं. गवंडी, सुतार, लोहार सगळे असेच एकमेकांच्या गरजेत गुंतलेले. पैसा क्वचितच हातात यायचा. सुगीला खळ्यावरून धान्य मिळायचं.

खोताच्या घरापाशी मात्र जरा जास्त थांबावं. ऐसपैस ओटी, झोपाळा, पुढे अंगण. फोटो सगळे इथेच काढतात. पण खोत गावचा सारा गोळा करायचा, आणि कुळाने राबून पिकवलेल्या भाताचा मोठा वाटा मक्ता म्हणून याच अंगणात यायचा. वर वेठीची कामं होतीच. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे पूर्वज त्या ओटीवर बसणारे नव्हते, अंगणात उभे राहणारे होते. गाव आठवताना हे वगळलं तर आठवण अर्धीच राहते.

याच खोतीविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या कुळांनी १९३३ मध्ये जमिनी कसायलाच नकार दिला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तो संप १९३९ पर्यंत चालला. उपासमार झाली, माणसं जंगलातली लाकडं विकून जगली, पण मागे हटली नाहीत. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं.

पळस्प्याहून पुळ्याला निघालात तर वडखळला अलिबागच्या रस्त्याला वळा आणि चरी बघून पुढे जा. खोताच्या ओटीसमोर उभं राहण्याआधी ते गाव पाहिलेलं असावं.