विषाचे तांबडे कण

जुन्या काळच्या रेडिओ-यंत्रांत उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एकाच दिशेने वळवण्यासाठी ज्या चकत्या बसवीत, त्यांपैकी कित्येकींवर सेलेनियम या मूलद्रव्याचा थर असे. बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने 1817 साली ते शोधून काढले आणि चंद्राच्या ग्रीक नावावरून त्याचे नाव ठेवले. काटेकोरपणे पाहिल्यास ते धातू नव्हे, धातू आणि अधातू यांच्या उंबरठ्यावरचे; पण प्रदूषणाच्या प्रकरणी ते धातूंच्याच पंगतीत बसते. अत्यल्प प्रमाणात ते शरीराला आवश्यक असते, आणि थोडे अधिक झाले की तेच विष ठरते.

कॅलिफोर्नियातील सॅन वॉकीन खोऱ्यात याचा दारुण प्रत्यय आला. तेथील पश्चिमेकडच्या जमिनी प्राचीन समुद्रतळाच्या गाळापासून बनलेल्या असून त्यांत सेलेनियम मुरलेले आहे. शेतांना दिलेल्या पाण्यात ते विरघळले आणि निचऱ्याच्या कालव्यातून केस्टरसन येथील तळ्यांत येऊन साचले. पाण्यातून शेवाळात, शेवाळातून किड्यांत, किड्यांतून पक्ष्यांत, असा प्रत्येक पायरीला त्याचा संचय वाढत गेला. 1983 साली संशोधकांनी तेथील घरटी तपासली, तेव्हा आपल्याकडील चांदवा, शेकाट्या व टिबुकली यांच्या जातभाई पाणपक्ष्यांच्या अंड्यांत डोळे नसलेली, चोची वाकड्या झालेली पिले आढळली. पुढे कालवा बंद करण्यात आला आणि 1988 साली तळ्यांचे सखल भाग मातीने भरून टाकण्यात आले.

परंतु त्याच खोऱ्यातील निचऱ्याच्या पाण्यात या विषावर उपजीविका करणारे जंतू निघाले. त्यांपैकी ‘थॉएरा सेलेनाटिस’ या जंतूचे शास्त्रीय वर्णन 1993 साली प्रसिद्ध झाले. आपण अन्न पचवतो, तेव्हा त्यातून सुटणारे विद्युत्कण अखेरीस श्वासातल्या प्राणवायूच्या स्वाधीन होतात. चिखलात प्राणवायू कोठून असणार? हे जंतू आपले विद्युत्कण सेलेनेट या विद्राव्य क्षाराच्या गळ्यात बांधतात. सेलेनेटचे प्रथम सेलेनाइट होते आणि त्यापासून शुद्ध सेलेनियम, जे पाण्यात विरघळत नाही. प्रयोगशाळेच्या चंबूत हे घडू लागले की स्वच्छ द्रव पाहता पाहता विटकरी तांबडा होतो. विष नाहीसे होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. त्याचे केवळ रूप पालटते.

ते तांबडे कणही मोठे नवलाचे. 2004 साली अमेरिकन संशोधकांनी तीन निरनिराळ्या जंतूंनी घडवलेले कण तपासले. ते सुमारे 300 नॅनोमीटर व्यासाचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही तिसऱ्या हिश्शाएवढे, गोल गोळे होते. विशेष म्हणजे प्रकाशाशी त्यांचे वर्तन रासायनिक रीतीने बनवलेल्या सेलेनियमहून वेगळे आणि जंतूगणिक भिन्न होते. घडणावळ ज्याची त्याची! प्रकाश पडताच सेलेनियमची वीजवाहकता वाढते, हा गुण 1873 पासून ठाऊक आहे; त्यामुळे अशा कणांकडे विद्युत्शास्त्रज्ञांचे लक्ष जाणे साहजिकच. शिवाय सेलेनियमचे नॅनोकण पाऱ्याची वाफ पकडून ठेवतात, म्हणजे एका विषाकडून दुसऱ्याला जेरबंद करवता येते.

मग घोडे अडते कोठे? ज्या सूक्ष्मपणामुळे कण मोलाचे, त्याच सूक्ष्मपणामुळे ते पाण्यात तरंगत राहतात आणि सहजी तळाशी बसत नाहीत. ते वेळीच वेगळे काढले नाहीत, तर पुन्हा प्राणवायू लागून हळूहळू विरघळू शकतात. पाण्यात खतांमधला नायट्रेट असला, तर पुष्कळ जंतू आधी त्याचाच फडशा पाडतात. त्यांना पोसण्यासाठी वरून कार्बनयुक्त खाद्य घालावे लागते, तो खर्च निराळाच.

याहून सूक्ष्म अडचण कॅनडात दिसून आली. ब्रिटिश कोलंबियातील एल्क खोऱ्यात कोळसाखाणींच्या पाण्यासाठी जंतूंच्या साह्याने चालणारे शुद्धीकरण केंद्र उभारण्यात आले. पाण्यातील एकंदर सेलेनियम घटले खरे. पण जे उरले त्याचा काही अंश असा निघाला की तो जलचरांच्या शरीरात अधिक सुलभतेने शिरे. मोजमापात प्रमाण कमी, जिवांना अपाय मात्र अधिक, असा हा पेच होता. तो सोडवण्यासाठी 2018 साली जंतूंच्या टाक्यांपुढे आणखी एक यंत्रणा जोडण्यात आली. उरलेल्या सेलेनियमला प्राणवायूशी संयोग घडवून पुन्हा कमी अपायकारक अशा सेलेनेटच्या रूपात आणणे, हे तिचे काम.