नेमणूक झाली, मान्यता अडली

खासगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकाची नेमणूक संस्था करते, पगार मात्र शासन देते. या दोहोंमधला दुवा म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता. ती मिळाल्याशिवाय शालार्थ या ऑनलाइन वेतनप्रणालीतला क्रमांक नाही आणि शालार्थशिवाय वेतन नाही. बिंदुनामावली (आरक्षणनिहाय पदांची नोंद), संचमान्यता (मंजूर पदसंख्या), जाहिरात यांपैकी एका कागदात त्रुटी निघाली की फाइल परत येते. शिक्षक तोवर रोज हजेरीपटावर सही करून वर्गात शिकवत असतो.

2 मे 2012 च्या शासन निर्णयाने अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होईपर्यंत नव्या भरतीवर बंदी आली. त्यानंतरच्या कित्येक नेमणुका, मान्यता नाकारली गेल्याने, याच मुद्द्यावर न्यायालयात पोहोचल्या.

दाद मागण्याच्या वाटा दोन आहेत, आणि त्यांची गल्लत महागात पडते. सेवेतून काढले, तर 1977 च्या खासगी शाळा कर्मचारी अधिनियमातील कलम 9 नुसार 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायचे. मान्यताच नाकारली, तर संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका.

मान्यता ही वैध नेमणुकीची पूर्वअट नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने स्पष्ट केले आहे. म्हणून केवळ 'मान्यता आली नाही' एवढ्या कारणाने संस्थेने शिक्षकाला घरी पाठवणे अन्यायाचे आहे. नेमणूक आदेश, रुजू अहवाल आणि हजेरीपटाच्या प्रती पहिल्या दिवसापासून स्वतःजवळ ठेवाव्यात. वाद उभा राहिल्यावर त्या शाळेकडून मिळवणे फार कठीण जाते.