ग्रहणाने हृदयाला भोक पडत नाही

गावाकडे बाळाच्या हृदयाला भोक आहे असे कळले की आधी आईची उलटतपासणी होते. ग्रहण पाळलेस का? पपई खाल्लीस का? गर्भाचे हृदय तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडते. कित्येक बायकांना तोवर दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. सातव्या महिन्यातल्या ग्रहणावर खापर फोडणाऱ्यांनी एवढा हिशेब तरी करावा. गरोदरपणाच्या सुरुवातीला झालेला रुबेला, आटोक्यात नसलेला मधुमेह, काही औषधे, जवळच्या नात्यातले लग्न यांनी धोका वाढतो. बहुतेक वेळा मात्र नेमके कारण सापडतच नाही. दर हजार जन्मांमागे आठ-नऊ बाळांत हृदयाचा कुठला ना कुठला जन्मजात दोष असतो.

‘मूल निळे पडत नाही, म्हणजे हृदय ठीक आहे.’ हेही खरे नाही. सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला असलेले भोक, आणि त्यात बाळ सहसा निळे दिसत नाही. ते दूध ओढताना थांबते, कपाळाला घाम येतो, वजन वाढत नाही, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. घरचे दृष्ट काढतात. काढावी हवी तर, पण टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही करावी. निळे पडणारे मूल एकाएकी आणखी निळे पडून धापा टाकू लागले, तर त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरावेत आणि तडक रुग्णालय गाठावे.

सगळ्यांत महाग पडणारा समज म्हणजे ‘जरा मोठा होऊ दे, मग ऑपरेशन करू.’ लहान भोके पुष्कळदा आपोआप बुजतात. त्यांच्यावर नुसती नजर ठेवणे पुरते, आणि तसे डॉक्टरच सांगतात. मोठ्या भोकाचे तसे नाही. डावीकडचे जोरदार रक्त उजवीकडे घुसते आणि फुप्फुसांत गरजेपेक्षा जास्त जाते. तिथल्या रक्तवाहिन्या जाड होत जातात, दाब चढत जातो. तो एका हद्दीपलीकडे गेला की भोक बुजवणेच धोक्याचे ठरते. तेव्हा पैसाही असतो, सर्जनही असतो, पण वेळ टळलेली असते.

हृदयाला भोक म्हणजे मरणच, हे सांगताना अभिनेत्री मधुबालाचे उदाहरण अजून दिले जाते. तिच्या हृदयाला भोक होते आणि 1969 मध्ये, वयाच्या 36व्या वर्षी ती गेली. पण तिचा आजार कळला तेव्हा उघड्या हृदयावरची शस्त्रक्रिया जगातच नवी होती. आज काही भोके तर छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून छत्रीसारखे उपकरण नेऊन बंद करतात.

खर्चाच्या धास्तीने गप्प बसणाऱ्यांसाठी एक माहिती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये महाराष्ट्रातल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा मुले तपासते. तपासायच्या आजारांच्या यादीत जन्मजात हृदयदोष आहे. पुढच्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे.

मोठ्यांबद्दल फारसे कुणी बोलत नाही. वरच्या कप्प्यांमधले भोक कधी कधी तिशी-चाळिशीत, एखादीला तर बाळंतपणाच्या तपासणीत पहिल्यांदा सापडते. लहानपणी ऑपरेशन झालेले ‘आता बरा झालो’ म्हणून पुन्हा डॉक्टरकडे फिरकत नाहीत. लहानपणी निळे पडत म्हणून मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी पुष्कळांची फुप्फुसाकडची झडप काही वर्षांनी गळू लागते. त्रास जाणवायच्या आधी ही गळती एकोत दिसते. लग्न, नोकरी, मुले हे यांतल्या बहुतेकांना जमते. मात्र काही दोषांत गर्भारपण जिवावर बेतू शकते, म्हणून दिवस जाण्याआधी हृदयतज्ज्ञाला विचारावे. दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला ऑपरेशनबद्दल सांगावे, कारण हिरडीतले जंतू रक्तातून हृदयात जाऊन बसू शकतात.

म्हणून ऑपरेशनचा जुना कागद आणि एकोचे सगळे रिपोर्ट एका फायलीत जपून ठेवा, आणि अंगणवाडीत पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.