हुशार मुलाचा एकाकीपणा आणि संगणकावरील ‘अवतार’

शिक्षकांनी धडा शिकवून संपवण्यापूर्वीच ज्याला तो समजलेला असतो, असा एखादा विद्यार्थी बहुतेक शाळांत आढळतो. शिक्षक त्याचे कौतुक करतात, पालक निश्चिंत राहतात. पण त्यालाही मदतीची गरज आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बुद्धी जितकी असामान्य, तितके बरोबरीचे सोबती मिळणे कठीण, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लीटा हॉलिंगवर्थ यांना आपल्या अभ्यासात आढळले होते. असे मूल एकाकी पडते, किंवा चारचौघांसारखे दिसावे म्हणून आपली हुशारी लपवू लागते.

अशा मुलांसाठी आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञानप्रबोधिनी स्थापन केली. परंतु मालवण, देवगड वा वेंगुर्ल्याच्या एखाद्या वाडीतील मुलाला पुणे दूर आहे. हे अंतर आज इंटरनेटमुळे कमी होऊ शकते. आणि तेथेच ‘अवतार’ उपयोगी पडतो.

‘अवतार’ हा मूळ संस्कृत शब्द १९८० च्या दशकात संगणकीय खेळांमधून नव्या अर्थाने रूढ झाला. संगणकाच्या पडद्यावर आपल्या वतीने वावरणारी, टोपणनाव धारण केलेली आकृती म्हणजे अवतार. सातवीतील मूल अवताराच्या रूपाने दहावीचे बीजगणित सोडवणाऱ्यांत बसू शकते. तेथे त्याचे वय, घरची परिस्थिती कोणी पाहत नाही. सदैव पहिला येणाऱ्या मुलाला चुकण्याची फार धास्ती असते. मुखवट्याआडून प्रश्न विचारताना ती कमी होऊ शकते. इतकेच नव्हे, तर उंच अवतार मिळालेली माणसे वाटाघाटीत अधिक आत्मविश्वासाने वागतात, असे निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांच्या २००७ मधील संशोधनात दिसून आले.

मात्र केवळ यंत्राने हे कार्य पूर्ण होत नाही. डॉ. सुगत मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीतील कालकाजी येथे भिंतीत संगणक बसवला; पुढे आपल्या सिंधुदुर्गातील खेड्यांतही असे संगणक आले. मुले एकमेकांच्या मदतीने ते वापरण्यास शिकली. त्यानंतर तामिळनाडूतील कलिकुप्पम गावी असे आढळले की, विषयाचे ज्ञान नसलेली, पण मुलांना आपुलकीने प्रोत्साहन देणारी व्यक्ती जवळ असता त्यांची प्रगती अधिक होते.

यास्तव पालकांनी काही पथ्ये पाळावीत. आपल्या मुलाप्रमाणे समोरची व्यक्तीही मुखवट्याआडच असते. म्हणून संगणक वा मोबाइल घरातील सर्वांच्या नजरेसमोर वापरला जावा. मुलाचे खरे नाव, शाळा, छायाचित्र गटात उघड होऊ नये. पण गट चालवणारा शिक्षक कोण, हे पालकांना ठाऊक असावे. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. आता तर काही अवतारांमागे माणूसच नसतो, कृत्रिम बुद्धिमत्ता बोलत असते. ती उत्तर देईल. पण मूल चार दिवस गप्प का आहे, हे घरच्या माणसालाच उमजेल.

आपल्या धर्मग्रामांत निवृत्त शिक्षक आहेत. मुंबईत वा आखाती देशांत नोकरी करणारे अभियंते, परिचारिका आहेत. त्यांनी आठवड्यातून एक तास अशा मुलासाठी दिला, तर त्याला बरोबरीने बोलणारे कोणीतरी लाभेल. अवतार हा धीर येईपर्यंतचा आधार आहे. वर्गात हुशारी लपवणाऱ्या मुलाला तो लपण्याची आणखी एक जागा होऊ नये. एके दिवशी त्याने आपल्या खऱ्या नावाने हात वर करावा, यासाठी आपण त्याच्या पाठीशी असावे.