स्कूटरवरचा चौपायी प्रवासी

गिरगावातून परळला जायचे म्हटले तर अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटरचे. पण बरोबर कुत्रा असला की हेच अंतर फार मोठे वाटू लागते. लोकलच्या गर्दीत त्याला घेऊन शिरणे कठीण, बसमध्ये इतर उतारू कुरकुरतात आणि टॅक्सीवाला पुष्कळदा कुत्र्याकडे एकदा पाहून मान हलवतो व पुढे निघून जातो. बरे, परळला जाणे टाळावे म्हटले तर तेही जमत नाही. रेबीजची लस टोचायची असो की कानातले दुखणे दाखवायचे असो, दक्षिण व मध्य मुंबईतल्या कुत्र्यांची वाट अखेर 'बैलघोडा हॉस्पिटल'कडेच वळते. प्राण्यांना क्रौर्यापासून वाचवण्यासाठी मुंबईत १८७४ साली एक संस्था स्थापन झाली आणि तिने पुढच्या दशकात बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे हे रुग्णालय उभे केले. शहराचे सारे ओझे तेव्हा बैल आणि घोडे ओढत, म्हणून लोकांनी त्याला हे सुटसुटीत नाव दिले. १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालयही तेथेच आहे. नाव बैलघोड्यांचे राहिले असले तरी आता तेथे गर्दी दिसते ती मुख्यतः कुत्र्यामांजरांची.

मग पुष्कळ घरांत स्कूटर काढली जाते. वडील किंवा मोठी बहीण स्कूटर चालवते आणि "तू मागे बसून मोत्याला नीट धर," असा हुकूम तुम्हाला होतो. स्कूटर चालवण्याचे तुमचे वय अजून झालेले नाही, त्यासाठी कायद्याने अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. परंतु कुत्र्याला कोठे बसवायचे, कसे बांधायचे, कोणत्या वेळी न्यायचे, हे ठरवण्यात तुमचे पदार्थविज्ञान घरच्यांच्या उपयोगी पडू शकते. ते कसे, हे आता पाहू या.

स्कूटरवरून आपण गॅसचे सिलिंडर नेतो, तांदळाची गोणी नेतो. पंधरा किलोग्रॅमची गोणी आणि पंधरा किलोग्रॅमचा मोत्या यांत वजनाच्या दृष्टीने काहीच फरक नाही. फरक असा की गोणी जेथे ठेवावी तेथे राहते आणि मोत्या राहत नाही. शिवाय स्कूटर आता थांबणार की वळणार, हे चालवणाऱ्याला आधी ठाऊक असते. मागे बसलेल्याला ते समोरची रहदारी पाहून कळते. मोत्याला मात्र ते घडून गेल्यावर कळते.

प्रथम ब्रेकचा विचार करू. समजा स्कूटर ताशी ३० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ८.३ मीटर वेगाने चालली आहे. लालबागच्या नाक्यावर कोणीतरी अचानक आडवे आले आणि ब्रेक दाबल्यावर स्कूटर ७ मीटर अंतरात थांबली. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, हे सूत्र तुम्हाला माहीत आहे. त्यावरून ऋण त्वरण सुमारे ५ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. मोत्यालाही स्कूटरबरोबर थांबायचे असेल तर त्याच्यावर १५ × ५ = ७५ न्यूटन बल मागच्या दिशेने लागले पाहिजे. हे बल त्याच्या स्वतःच्या वजनाच्या निम्मे आहे. ते कोण देणार? त्याच्या पायांखालचे घर्षण.

हीच गोष्ट मोत्याच्या बाजूने पाहिली तर अधिक गमतीची दिसते. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढत असते. ब्रेक लागताच त्याला पुढेही ओढ जाणवते आणि ही ओढ खालच्या ओढीच्या निम्मी असते. त्याच्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला या दोन ओढी वेगळ्या कळत नाहीत. त्याला एवढेच जाणवते की पायाखालची जमीन एकाएकी पुढच्या बाजूला २७ अंशांनी उतरती झाली. कारण ज्या कोनाची स्पर्शज्या ०.५ असते तो कोन सुमारे २७ अंशांचा असतो. घराच्या जिन्यावर फळी टाकून तिच्यावर उभे राहण्यासारखाच हा प्रकार आहे, आणि तोही सूचना न देता! कुत्रा घाबरून पंजे रोवतो तो हट्टीपणाने नव्हे.

पंजे रोवायला तेथे काय असते, हे तुम्हीच मोजून पाहा. पत्र्याचा एक मोठा ट्रे घ्या. त्यावर जुन्या रबरी चपलेवर विटेचा तुकडा ठेवून ट्रेचे एक टोक हळूहळू उचला. चप्पल घसरू लागेल त्या क्षणी उचललेल्या टोकाची उंची मोजा आणि तिला ट्रेखालच्या आडव्या अंतराने भागा. मिळणारा आकडा म्हणजे घर्षण गुणांक. आता चपलेऐवजी गुळगुळीत लाकडी ठोकळा ठेवून पाहा, मग पत्रा ओला करून पाहा. ज्या जोडीचा आकडा ०.५ पेक्षा कमी येईल तिने वरच्या ब्रेकला हात टेकले असे समजा. कुत्र्याची नखे आणि रंगवलेला गुळगुळीत पत्रा ही जोडी त्यातलीच आहे, आणि पावसाळ्यात तर विचारायलाच नको. म्हणून कुत्र्याच्या पायांखाली खडबडीत रबरी चटई हवी. नुसते गोणपाट टाकून भागत नाही, कारण कुत्रा गोणपाटाला घट्ट धरतो आणि गोणपाटच पत्र्यावरून घसरते. शक्य तर त्याला बसलेले किंवा आडवे ठेवावे. मग त्याचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि तो कोलमडत नाही.

ब्रेकने एवढे होते तर वळणावर काय होत असेल? येथे निसर्गाने दुचाकीला एक सवलत दिली आहे. मोटारगाडी वळली की आतला कुत्रा बाहेरच्या बाजूस सरकतो. स्कूटर मात्र वळताना आतल्या बाजूस कलते. किती कलते? ताशी २० किलोमीटर वेगाने ८ मीटर त्रिज्येचे वळण घेतले तर सुमारे २१ अंश. हा कल असा असतो की खालची ओढ व बाहेरची ओढ मिळून होणारी एकूण ओढ बरोबर फूटबोर्डाला लंब पडते. म्हणजे मोत्याला बाजूला सरकवणारे काही उरतच नाही. तो सातेक टक्क्यांनी जड होतो, एवढेच. फूटबोर्डावर पाण्याचा पेला ठेवून कोणी सफाईने वळण घेतले तर पाण्याची पातळी पेल्याच्या तळाशी समांतरच राहील.

तरीही काही कुत्रे वळणावर बिथरतात, कारण पाय सांगतात जमीन सपाट आहे आणि डोळ्यांना दिसते की रस्ता तिरका झाला आहे. अशा वेळी कुत्रा उलट्या बाजूला झुकतो. नवखा माणूसही मागे बसून तसेच करतो, तेव्हा कुत्र्याला हसण्याचे कारण नाही. वळणावर त्याची दृष्टी आपल्याकडे राहील असे पाहावे.

आता त्याला बसवायचे कोठे? याचे उत्तर देण्यासाठी सर्वांत वाईट प्रसंग डोळ्यांसमोर आणू. रस्त्याच्या कडेला दुसरा कुत्रा दिसला आणि मोत्याने उडी मारली. बाजूला झेपावण्याचा त्याचा वेग सेकंदाला २ मीटर धरला तर त्याचा संवेग १५ × २ = ३० झाला. संवेगाच्या अक्षय्यतेच्या नियमाने तेवढाच संवेग उलट दिशेने स्कूटरला मिळणार. पण रस्त्यावर टेकलेली चाके बाजूला सरकत नाहीत, म्हणून स्कूटर चाकांच्या रेषेभोवती कलते. हा धक्का जमिनीपासून जितका उंच बसेल तितके कलंडणे जास्त. फूटबोर्ड जमिनीपासून ३० सेंटिमीटर आणि सीट ८० सेंटिमीटर उंच धरू. स्कूटर व चालक मिळून १७० किलोग्रॅमचे असतील, तर माझ्या अंदाजी हिशेबाने फूटबोर्डावरून मारलेल्या उडीने स्कूटर सेकंदाला ५ अंशांच्या आसपास कलू लागते आणि सीटवरून मारलेल्या उडीने १४ अंशांच्या आसपास. पहिला धक्का चांगला चालक हँडल किंचित वळवून सावरतो. दुसऱ्यासाठी बाजूला मोकळी जागा लागते, आणि परळच्या रस्त्यावर बाजूला बहुधा ट्रक असतो.

म्हणून मध्यम चणीच्या कुत्र्यासाठी योग्य जागा म्हणजे चालकाच्या पायांमधला फूटबोर्ड. तेथे दोन्ही बाजूंना गुडघे असतात आणि समोर पत्रा असतो, त्यामुळे ब्रेक लागला तरी कुत्रा पुढे फेकला जात नाही. एके काळी याच जागी घरातले धाकटे मूल उभे राहून वारा खात असे, हे तुमचे आईवडील सांगतील. मात्र दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. हँडल दोन्ही बाजूंना पुरते वळले पाहिजे, मध्ये कुत्र्याचे डोके येता कामा नये. आणि स्कूटर कोणती आहे ते पाहावे. १९७२ साली आलेल्या बजाज चेतकसारख्या गिअरच्या स्कूटरमध्ये मागच्या चाकाचा ब्रेक उजव्या पायाखाली, फूटबोर्डावरच असे. अशा जुन्या गाड्या काही जण अजून प्रेमाने राखून आहेत. त्या ब्रेकवर कुत्रा बसला तर काय होईल, हे सांगायला नको. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये दोन्ही ब्रेक हातांत असल्याने फूटबोर्ड मोकळा राहतो. चालकाच्या ताब्यात अडथळा येईल अशा रीतीने वाहनावर कोणालाही बसवू नये व काहीही ठेवू नये, असे मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या १२५व्या कलमात म्हटले आहे. हे कलम लिहिणाऱ्यांच्या मनात मोत्या नसेल, पण ते त्याला चपखल लागू पडते.

साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईंच्या मांडीवर कुत्रा, हे दृश्य दादरला मी पुष्कळदा पाहतो आणि मला ते मुळीच पसंत नाही. वजन एका बाजूला, उंची सीटची, आणि स्वतःला धरायला हात नाही.

बांधण्याच्या बाबतीत एकच हिशेब पुरेसा आहे. मोत्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला हातभर लांब दोरी बांधली आहे आणि त्याने तीच २ मीटर प्रति सेकंदाची उडी घेतली. दोरी ताणली गेली आणि ५ सेंटिमीटर अंतरात तो थांबला. सूत्र वापरून पाहा. ऋण त्वरण ४० आणि बल ६०० न्यूटन. म्हणजे साठ किलोग्रॅम वजनाइतका हिसका, आणि तो गळ्यावर! म्हणून पट्टा गळ्यातला नको. छाती व पोट यांना वेढणारा, पाठीवर कडी असलेला हवा, म्हणजे बल रुंद जागेवर विभागले जाते. आणि दोरी इतकी आखूड हवी की कुत्र्याला वेग घ्यायला वावच मिळू नये. लांब दोरीत आणखी एक धोका असतो. कुत्रा फूटबोर्डाच्या कडेवरून खाली लोंबकळू शकतो. दोरी सीटखालच्या पिशवीच्या हुकाला बांधावी, हँडलला कधीही नाही. तो हुक एवढा ओढा सोसेल इतका भक्कम आहे ना, हेही पाहावे.

पामेरियनसारख्या लहान कुत्र्यासाठी पेटी किंवा टोपली सोयीची. ती फूटबोर्डावर ठेवावी, किंवा मागच्या सीटवर पट्ट्यांनी आवळून बांधावी. चार-पाच किलोग्रॅम वजनाने तोल फारसा बिघडत नाही. तेथे प्रश्न येतो तो हवेचा. आपल्यासारखा घाम कुत्र्याला येत नाही, त्याच्या स्वेदग्रंथी मुख्यतः पंजांत असतात. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि तोंडातली ओल वाफेच्या रूपाने उडवून शरीर थंड ठेवतो. एक ग्रॅम पाणी उडाले की सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता निघून जाते. परंतु मे महिन्यातल्या मुंबईच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की आणखी वाफ तीत सहज मिसळत नाही. त्यातून बंद पेटीत कुत्र्याने स्वतःच सोडलेली वाफ साचते. स्कूटर चालू असेपर्यंत वारा ती काढून नेतो, पण दुपारच्या सिग्नलवर पाच मिनिटे अडकलात की वाराही थांबतो. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते, ते ४१ च्या पुढे गेले तर जिवावर बेतते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकणेच नीट जमत नाही, त्यांना तर उन्हात नेऊच नये. पेटीला चारही बाजूंनी जाळी हवी आणि निघण्याची वेळ सकाळची हवी.

हे सगळे एका दिवसात साधत नाही. आधी दोन-चार दिवस बंद स्कूटरवर नुसते बसवावे, मग इंजिन चालू करून, मग वाडीतून एक हळू फेरी. घंटा वाजली की अन्न मिळते हे शिकलेले पाव्हलॉव्हचे कुत्रे तुम्ही वाचले असेल. स्कूटर केवळ सुई टोचायच्या दिवशीच निघत असेल तर तुमचा मोत्याही असाच एक धडा शिकेल आणि किल्लीचा आवाज येताच पलंगाखाली जाईल. म्हणून पहिल्या चार-सहा फेऱ्यांच्या शेवटी बिस्किट असावे, डॉक्टर नसावा.

आजारी, अशक्त किंवा जखमी कुत्र्याला मात्र स्कूटरवर घेऊ नये. दुखावलेला कुत्रा घरच्या माणसालाही चावतो, आणि चालत्या दुचाकीवर तो चावला तर दोघेही पडतील. तेव्हा चार टॅक्सीवाल्यांना विचारावे, पाचवा तयार होतो.

राहिला अल्सेशियनसारखा मोठा कुत्रा. तीस-पस्तीस किलोग्रॅमचा हा प्राणी फूटबोर्डावर मावत नाही. त्याच्यासाठी स्कूटरला डाव्या बाजूने जोडायची साइडकार, हा एकच उपाय मला पटतो. पण तीन चाके झाली की कलण्याची सवलत संपते. आता वळणावर कुत्रा मोटारीतल्यासारखा बाहेर सरकतो. डावीकडे वेगाने वळताना साइडकारचे चाक उचलले जाऊ पाहते आणि त्या वेळी कुत्र्याचे वजन ते खाली दाबून धरते, म्हणजे मोत्याचा हा थोरला भाऊ गाडीच्या उपयोगीच पडतो. ब्रेक फक्त स्कूटरच्या चाकांना असतील तर साइडकार जडत्वाने पुढे जाऊ पाहते आणि सारी गाडी उजवीकडे, समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिशेने वळू लागते. सवय नसलेल्या चालकाने प्रथम रिकाम्या साइडकारमध्ये तांदळाची गोणी ठेवून, रविवारच्या मोकळ्या सकाळी सराव करावा. असे का होते, याची आकृती काढून स्कूटरवर आणि साइडकारवर कोणती बले कोठे लागतात, ते तुम्ही वर्गात दाखवू शकाल.