दरवाजा घासतो, पण दुखणं कुठे आहे? – एका उघड्या मोटारगाडीचा धडा



पावसाळ्यात घराचा दरवाजा घासायला लागला की आपण सुताराला बोलावतो. नवखा कारागीर लगेच रंधा हातात घेतो. जाणता सुतार आधी ओळंबा सोडून चौकट तपासतो. चौकटच कलली असेल तर दरवाजा कितीही रंधा, काही दिवसांनी तो पुन्हा घासणारच. आज हीच गोष्ट आपण एका जुन्या मोटारगाडीवरून समजून घेऊ. आठवी-नववीची भूमिती आणि विज्ञान यात आपोआप येतं. गाड्यांचं वेड असलेली मुलं तर प्रत्येक वर्गात असतातच!

गाडीची ओळख

आपलं उदाहरण आहे एमजीबी. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन इथल्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही गाडी तयार झाली. सगळे प्रकार मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. मूळ रूप म्हणजे दोन माणसांची, कापडी छप्पर मागे दुमडता येणारी उघडी गाडी. १९६५ मध्ये तिचंच पक्क्या छपराचं रूप आलं, ते एमजीबी जीटी.

आधीच्या एमजीए गाडीला खाली वेगळी लोखंडी चासी होती आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असे. एमजीबीला अशी वेगळी चासी नाही. वाकवलेले, एकमेकांना वेल्डिंगने जोडलेले पत्रे हाच तिचा सांगाडा. वजन पेलण्याचं काम बॉडीच करते.

आता दरवाजाखालची जागा बघा. आपण गाडीत शिरताना जो उंबरा ओलांडतो, त्याला गॅरेजमध्ये सिल म्हणतात. बाहेरून तो साधा पत्रा दिसतो. आत मात्र दोन-तीन पत्रे जोडून केलेली लांब पोकळ पेटी असते. पुढचा आणि मागचा भाग जोडून ठेवणारी ही मुख्य तुळई. छप्पर नसल्यामुळे उघड्या गाडीत या दोन उंबऱ्यांवर फार मोठा भार पडतो.

छप्पर गेलं की काय होतं?

बुटांचा रिकामा खोका घ्या. झाकण चिकटपट्टीने चारही बाजूंनी पक्कं लावा आणि दोन टोकं धरून पिळून बघा. फारसा पिळला जात नाही. आता झाकण काढा आणि पुन्हा पिळा. किती सहज वळतो! उघडी गाडी म्हणजे झाकण काढलेला खोका. म्हणून अशा गाड्यांचा तळ, उंबरे आणि आडवे पत्रे जास्त मजबूत ठेवावे लागतात.

उंबरे आतून गंजले तर गाडी मध्यभागी खाली बसते. कपडे वाळत घातलेली दोरी जशी मध्ये झुकते, तशी. मध्यभाग बसला की दरवाजाच्या पुढचा आणि मागचा खांब वरच्या टोकाला एकमेकांकडे झुकतात. दरवाजाची मागची फट वर अरुंद होते आणि खाली रुंद. म्हणजे फटीचा आकार पाचरीसारखा झाला, तर तो नुसता दरवाजाचा दोष समजू नका, उंबऱ्याकडे बघा.

इथेच मोठी चूक होते. दरवाजा वर घासतो म्हणून कुणी त्याची कड कानशीने घासतो, खालची रुंद फट पुट्टीने भरतो आणि वर चकचकीत रंग मारतो. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! फट सुंदर दिसते, पण गाडी पेलणारी तुळई आतून कुजलेलीच राहते. गाडी विकत घेणाऱ्याला ते दिसतही नाही. अशा गाडीला बाजूने धक्का बसला तर आतल्या माणसांना वाचवायला उंबऱ्यात ताकदच उरलेली नसते.

तपासणी कशी करतात?

१. गाडी सपाट जागेवर चारही चाकांवर उभी करतात. इंजिन वगैरे सगळं जागेवर हवं, म्हणजे नेहमीचं वजन पडतं.

२. दरवाजाची फट वर, मध्ये आणि खाली मोजतात. यासाठी ४ किंवा ५ मिमीच्या ड्रिल बिटचा गोल दांडा छान चालतो. जुन्या गाड्या दुरुस्त करणारे बरेच कारागीर ४ ते ५ मिमी फट धरून चालतात. पण आकड्यापेक्षा फट सगळीकडे सारखी असणं महत्त्वाचं.

३. दरवाजा काढून मोकळ्या जागेचे कर्ण मोजतात. ही जागा अचूक आयत नसते, म्हणून दोन कर्णांची आपापसात तुलना करून उपयोग नाही. डाव्या बाजूचा कर्ण उजव्या बाजूच्या त्याच कर्णाशी ताडून बघायचा.

४. दरवाजे पुन्हा बसवून गाडीचं एक टोक जॅकने उचलतात आणि फटीवर नजर ठेवतात. थोडासा फरक चांगल्या उघड्या गाडीतही पडतो. पण फट डोळ्यांदेखत मिटू लागली किंवा दरवाजा उघडेनासा झाला, तर बॉडी कमजोर झाली आहे हे नक्की. (हे काम जाणकारानेच करायचं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, हे मुलांना आवर्जून सांगा.)

दुरुस्तीचा क्रम

गंजलेला उंबरा कापण्याआधी दोन्ही खांबांच्या मध्ये लोखंडी पट्ट्या तात्पुरत्या वेल्ड करून दरवाजाची जागा जखडून टाकतात. हे केलं नाही तर कापल्याक्षणी गाडी आकार सोडते आणि नवा उंबरा त्या वाकड्या आकारातच पक्का होतो. मग बिजागऱ्या कितीही हलवा, दरवाजा बसत नाही. गाडी फक्त मध्यभागी टेकवून ठेवली तरी धोका असतो, कारण पुढचं-मागचं टोक खाली लोंबतं. नवा उंबरा आधी टाके मारून धरायचा, दरवाजा लावून फट बघायची आणि मगच पूर्ण वेल्डिंग करायचं.

त्यानंतर मागून पुढे यायचं. एमजीबीचा मागचा मडगार्ड वेल्ड केलेला आहे, तो हलत नाही. पुढचा बोल्टांनी बसवलेला आहे, तो थोडा सरकवता येतो. म्हणून आधी दरवाजा मागच्या मडगार्डशी आणि उंबऱ्याशी जुळवायचा, मग पुढचा मडगार्ड दरवाजाशी आणि शेवटी बॉनेट दोन्ही मडगार्डांशी. जे हलत नाही ते प्रमाण मानायचं आणि जे हलतं ते त्याला जुळवायचं. गणितातही आपण दिलेल्या माहितीवरून अज्ञाताकडेच जातो ना?

हे सगळं करताना दरवाजाचं रबर आणि खांबावरचा, लॅच ज्यात अडकतो तो खटका काढून ठेवतात. नाहीतर खटका दरवाजाला ओढून धरतो आणि खरी जागा कळत नाही. नवं जाड रबर तर दरवाजा बाहेर ढकलतं. म्हणून रबर आणि खटका शेवटी लावून पुन्हा एकदा तपासायचं. रंगाचे थर चढल्यावर फट किंचित कमी होते, तेही आधीच लक्षात घ्यायचं.

बिजागरीचं गणित

आता फळ्यावर सोडवण्यासारखा प्रश्न. समजा दरवाजा १०० सेमी लांब आहे आणि दोन बिजागऱ्यांमध्ये २५ सेमी अंतर आहे. खालच्या बिजागरीमागे १ मिमी जाडीची पत्र्याची पट्टी घातली, तर दरवाजाचं मागचं टोक किती वर जाईल?

खालची बिजागरी १ मिमी मागे सरकली की दरवाजा वरच्या बिजागरीभोवती किंचित फिरतो. समरूप त्रिकोणांवरून:

मागच्या टोकाची उचल = १ × (१०० ÷ २५) = ४ मिमी

एका मिलिमीटरची पट्टी आणि टोकाला चार मिलिमीटरचा फरक! म्हणून कारागीर अगदी पातळ पट्ट्या वापरतात आणि एका वेळी एकच बदल करून बघतात. प्रयोगशाळेत आपणही मुलांना हेच सांगतो की एका वेळी एकच घटक बदला.

वर्गात करून पाहा

• आइसक्रीमच्या चार काड्यांना टाचण्या लावून आयत बनवा. बाजूने ढकला, त्याचा समांतरभुज चौकोन होईल. आता पाचवी काडी कर्णावर लावा. (ती थोडी लांब लागेल, दोन काड्या जोडून घ्या.) आयत हलत नाही. दरवाजाच्या जागेत तात्पुरती तिरपी पट्टी का लावतात, हे न सांगता कळेल.

• खोक्याच्या एका बाजूला तीन कडा कापून पुठ्ठ्याचा दरवाजा करा. झाकणासह आणि झाकणाशिवाय खोका हळूच पिळून फट कशी बदलते ते मोजपट्टीने मोजा आणि तक्त्यात नोंदवा.

• घरातल्या एखाद्या दरवाजाची फट वर, मध्ये, खाली मोजून आणायला सांगा. फट सारखी नसेल तर कारण काय असेल: बिजागरी सैल, लाकूड फुगलं की चौकट कलली? प्रत्येक कारणासाठी तपासायची एक युक्ती मुलांनीच सुचवू दे.

पालकांनो, एक विनंती. मूल गॅरेजसमोर रेंगाळलं तर लगेच ओढून नेऊ नका. पाना आणि कानशी धरणाऱ्या त्या हातांना कर्ण, समरूपता आणि पीळ रोज वापरावे लागतात, नावं वेगळी असतील इतकंच. पाच मिनिटं थांबा आणि मुलाला एक प्रश्न विचारू द्या, "काका, हा दरवाजा बसवताना तुम्ही आधी काय बघता?"

प्रयोग वर्गात करून बघितलेत तर मुलांनी काय निरीक्षणं नोंदवली ते नक्की कळवा.